घोडा नाचतोय की काय? ड्रेसाज आणि शो जंपिंग पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

२०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर पडली आणि पहिला प्रश्न मामांचा आला : "अभिनंदन. पण नक्की केलं काय यांनी? घोडा नुसता फिरतोय." शाळेत असताना मी दोन वर्षं घोडेस्वारीच्या क्लासला गेले होते. तेवढ्या भांडवलावर मी घरातली तज्ज्ञ ठरले आणि उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जे तुकड्या-तुकड्यांत लिहिलं, ते इथे जरा नीट मांडते.

आधी एकच किल्ली देऊन ठेवते. या दोन्ही खेळांत जे डोळ्यांत भरतं ते शेवटचं असतं. उडी, गिरकी, पाय उचलण्याची ऐट या सगळ्याचा निकाल त्याआधीच्या दोन-चार ढांगांत लागून गेलेला असतो. त्यामुळे नजर नेहमी घटनेच्या जरा आधी ठेवायची. क्रिकेटमध्ये बॅटवर येण्याआधी चेंडू गोलंदाजाच्या मनगटातून कसा सुटतो ते पाहतो, तसंच.

पायरी १ : कोणता खेळ चाललाय ते ओळखा

ऑलिम्पिक आणि आशियाई स्पर्धेत घोड्यांचे तीन प्रकार असतात. ड्रेसाज, जंपिंग, आणि या दोन्हींबरोबर मैदानी दौड जोडलेला इव्हेंटिंग. बुटक्या पांढऱ्या कुंपणाचं रिकामं रिंगण आणि चिडीचूप प्रेक्षक दिसले तर ड्रेसाज. रंगीबेरंगी काठ्या, फुलांच्या कुंड्या आणि दर मिनिटाला "अरेरे!" असा सामुदायिक उसासा ऐकू आला तर जंपिंग. इव्हेंटिंग आज बाजूला ठेवू. फौआद मिर्झाने २०१८ मध्ये जकार्तात दोन रौप्यपदकं मिळवली ती त्यात, आणि त्यावर वेगळा लेख होईल.

तिन्ही प्रकारांत स्त्रिया आणि पुरुष एकाच यादीत, एकमेकांविरुद्ध खेळतात. वेगळा महिला गट शोधत बसू नका.

पायरी २ : रिंगणाचा नकाशा डोक्यात बसवा

ड्रेसाजचं रिंगण ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात, पण क्रमवार नाहीत. ए, के, व्ही, ई असा काहीतरी तिरपागडा क्रम आहे. पाठ करू नका. तीनच लक्षात ठेवा : 'ए'पाशी स्वार आत येतो, समोरच्या टोकाला 'सी'पाशी मुख्य पंच बसतो, आणि बरोबर मध्यभागी पाटी नसलेला 'एक्स' असतो. स्वार मधल्या रेषेवरून येतो, थांबतो, सलाम करतो आणि परीक्षा सुरू होते.

ते थांबणंसुद्धा गुणांचं असतं, बरं का. चारही पाय टेबलाच्या पायांसारखे चौकोनात हवेत. मागचा एखादा पाय मागे रेंगाळला की गुण गेला. नवख्यांना वाटतं अजून काही सुरू झालेलं नाही, आणि तोवर सातही पंचांनी पहिला आकडा सांगून टाकलेला असतो.

ऑलिम्पिकला सात पंच असतात, रिंगणाभोवती वेगवेगळ्या जागी. त्यामुळे एकाच हालचालीला एक पंच ७ देतो आणि दुसरा ५.५. पडद्यावर ते आकडे पाहून लोक लगेच "पक्षपात" म्हणतात. तसं होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. 'सी'वरून घोडा सरळ येतोय की वाकडा ते दिसतं, मात्र त्याचे मागचे पाय पोटाखाली किती येतात ते दिसत नाही. लांब बाजूवर बसलेल्या पंचाला नेमकं उलटं दिसतं.

पायरी ३ : टापा कानाने ओळखा

घोड्याच्या तीन चाली. वॉकला चार ठोके, प्रत्येक पाय वेगळा पडतो. ट्रॉटला, म्हणजे आपल्या दुडकीला, दोन ठोके : पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उरलेली जोडी. कँटर म्हणजे हलक्या दौडीला तीन ठोके आणि मग एक क्षण चारही पाय हवेत. डोळे मिटून ऐकून बघा, तबल्याचा ठेका ओळखता येणाऱ्याला हे पाच मिनिटांत जमतं.

मामांना मी इथे आळंदीच्या वारीतलं रिंगण आठवायला सांगितलं. माउलींचा अश्व धावतो तेव्हा तो मोकळा असतो, त्याच्या मनाने सुटतो, म्हणून आपल्या अंगावर काटा येतो. ड्रेसाजचा प्रयत्न तेवढंच मोकळेपण पाठीवर माणूस असताना, ठरलेल्या रेषेवर आणि ठरलेल्या क्षणी दाखवण्याचा आहे. जमलं तर घोडा आपणहून करतोय असं वाटतं. नाही जमलं तर घोड्याकडून करवून घेतलंय हे लगेच कळतं.

माझ्या मते सर्वांत अवघड वॉकच. लोक त्या वेळी चहा आणायला उठतात. मध्येच स्वार लगाम सैल सोडतो, घोडा मान लांबवून शांत चालतो. पण पोटात भीती असलेला, तापलेला घोडा इथे उघडा पडतो. चार ठोक्यांचे दोन होतात, तो उंटासारखा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू लागतो. आणि लांब पावलांच्या या वॉकला गुणपत्रिकेत दुप्पट वजन असतं. तेव्हा चहा नंतर.

पायरी ४ : पाच हालचाली ओळखायला शिका

यादी मोठी आहे, पण या पाचांवर काम भागतं.

हाफ-पास : घोडा पुढेही जातो आणि बाजूलाही सरकतो, पायावरून पाय ओलांडत. तोंड ज्या दिशेला जायचं त्या दिशेला. पुढचे पाय आधी पोचले आणि मागचे रेंगाळले, तर चूक.

पिरुएट : कँटरचा ठेका चालू ठेवून जागच्या जागी गिरकी. मागचे पाय परातीएवढ्या जागेत टापा टाकत राहतात आणि पुढचं अंग त्यांच्याभोवती फिरतं. इथे किल्ली वापरा. गिरकीच्या आधीच्या दोन-तीन ढांगा बघा. घोडा बूड खाली घेऊन बसल्यासारखा झाला तर गिरकी चांगली होणार. धावतच आला तर ती परातीवरून पसरून अंगणभर होणार.

फ्लाइंग चेंज : कँटरमध्ये एका बाजूचा पाय पुढाकार घेतो. चारही पाय हवेत असण्याच्या त्या एका क्षणात घोडा बाजू बदलतो, लहान मुलं उड्या मारत जातात ना, तसा. हांगझोऊच्या सांघिक फेरीत होती ती प्री सेंट जॉर्जेस पातळीची परीक्षा. तिच्यात दर चौथ्या आणि दर तिसऱ्या ढांगेला बदल असतात. ऑलिम्पिकला ग्राँ प्री ही सर्वांत वरच्या पातळीची परीक्षा असते, तिच्यात दर दुसऱ्या ढांगेला नऊ, आणि मग प्रत्येक ढांगेला सलग पंधरा. हे पंधरा मोठ्याने मोजा. आमच्याकडे आजी मोजते. एकदा ती म्हणाली, "चौदाच झाले गं, मध्ये एक गाळला त्याने." आणि पडद्यावर गुण आले ४ आणि ४.५. समालोचकाच्या आधी आजीने सांगितलं होतं.

पियाफ आणि पसाज : हे प्री सेंट जॉर्जेसमध्ये नसतात, ग्राँ प्रीमध्ये असतात. पियाफ म्हणजे जागेवर दुडकी. पसाज म्हणजे तीच दुडकी, पण प्रत्येक पाऊल हवेत थोडं थबकवून. "घोडा नाचतोय" असं लोक म्हणतात ते यांनाच. लग्नाच्या वरातीत नाचवतात त्या घोड्याशी गल्लत करू नका, मामांनी केली होती. इथे वजन मागच्या पायांकडे सरकलेलं असतं आणि पाठ सैल असते. शेपूट सारखी फटकारतोय, तोंड उघडं पडतंय, नाक छातीकडे ओढलं गेलंय, तर पाय कितीही उंच उचलू द्या, काहीतरी बिनसलंय. ओठांवरचा थोडा पांढरा फेस मात्र चांगला. घोडा जबडा सैल ठेवून तोंडातलं लगामाचं लोखंड चघळतोय, एवढाच त्याचा अर्थ.

आणि या सगळ्यात स्वार काय करतो? दिसलं तर त्याचे गुण गेले. मांड घट्ट, हात स्थिर, टाच मारलेली कळत नाही. क्लासमध्ये आमचे सर ओरडायचे, "हात हलवू नकोस, दाणे टाकतेयस का कोंबड्यांना?" तो आवाज अजून कानात आहे.

पायरी ५ : टक्केवारी वाचा

प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण, अर्ध्या गुणाच्या टप्प्याने. ० म्हणजे केलंच नाही, ५ म्हणजे जेमतेम, ६ म्हणजे समाधानकारक, ८ म्हणजे चांगलं, १० म्हणजे उत्कृष्ट. पिरुएटसारख्या काही हालचालींना दुप्पट वजन. सगळ्याची बेरीज करून टक्के काढतात.

दहावीच्या टक्क्यांशी तुलना करू नका. इथे ७० म्हणजे आंतरराष्ट्रीय पातळीवर बरी कामगिरी आणि ८० म्हणजे जगातले मोजके. संगीतावरच्या फेरीचा विक्रम ब्रिटनच्या शार्लट दुजार्दाँ आणि व्हॅलेग्रो या घोड्याचा आहे : ९४.३ टक्के, लंडन, डिसेंबर २०१४.

आता हांगझोऊचा हिशेब मांडून बघा, म्हणजे सांघिक पद्धत कळेल. चार स्वार, त्यांतल्या सर्वोत्तम तिघांचे गुण धरायचे. अनुष अगरवाला आणि त्याचा घोडा एट्रो ७१.०८८, मुंबईचा हृदय छेडा आणि एमरल्ड ६९.९४१, दिव्यकृती सिंह आणि अ‍ॅड्रेनलिन फिरफोड ६८.१७६. सुदीप्ती हजेला आणि चिन्स्की यांचे गुण चौथे म्हणून गळले. बेरीज २०९.२०५. चीन २०४.८८२ आणि हाँगकाँग २०४.८५२. चीन आणि हाँगकाँगमधलं अंतर पाहिलंत? ०.०३. कुणाचा तरी एक वॉक, एक थांबणं, एवढ्यावर रौप्य आणि कांस्य ठरलं. भारताचं घोडेस्वारीतलं त्याआधीचं आशियाई सुवर्ण १९८२ च्या दिल्लीतलं, म्हणजे ४१ वर्षांपूर्वीचं.

ऑलिम्पिकमध्ये गळणारा चौथा नसतो. तीनच स्वार, तिघांचेही गुण धरायचे. एकाचा दिवस वाईट गेला की संघ संपला. पॅरिसला २०२४ मध्ये अनुष एकटाच गेला, सर कॅरमेलो ओल्ड या घोड्यावर. ६६.४४४ टक्के मिळाले आणि पुढची फेरी हुकली. ऑलिम्पिक ड्रेसाजमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय.

हे आपले स्वार राहतात कुठे, असं मामांनी विचारलं होतं. सराव युरोपात, घोडेही तिथलेच. भारतातून घोडा बाहेर न्यायचा तर रोगांबाबतचे आरोग्यनियम आणि विलगीकरण आडवं येतं. माणसाला व्हिसा मिळतो, घोड्याचं तेवढं सोपं नाही. म्हणून हौस आहे आणि मांड पक्की आहे एवढ्याने भागत नाही, घरच्यांना वर्षानुवर्षं खिसा मोकळा ठेवावा लागतो. हा खेळ श्रीमंतांचा आहे का? हो, आहे. त्यात लपवण्यासारखं काय?

मध्येच एक : रक्ताचा नियम

हांगझोऊला संगीतावरच्या वैयक्तिक अंतिम फेरीत अनुषला ७३.०३० टक्क्यांवर कांस्य मिळालं, मलेशियाच्या काबिल अंबाकला ७५.७८० वर सुवर्ण. पण त्याच फेरीत हृदय बाद झाला. घोड्याच्या पायावर रक्ताचा डाग दिसला. ड्रेसाजमध्ये घोड्याच्या अंगावर रक्त दिसलं की खेळ थांबतो. एका टापेवर दुसरी टाप घासूनही खरचटतं, तरी कारणमीमांसा होत नाही. त्या रात्री ग्रुपवर बरीच चिडचिड झाली. मला स्वतःला हा नियम पटतो. घोडा "दुखतंय" म्हणून हात वर करू शकत नाही.

स्पर्धेच्या आधी पशुवैद्यासमोर घोड्यांची एक तपासणीही असते. हातात लगाम धरून घोडा कडक जमिनीवर चालवत आणि पळवत नेतात, लंगडतो का ते बघायला. थेट प्रक्षेपणात सापडली तर जरूर बघा. स्वार घोड्याशेजारून धापा टाकत पळतात ते पाहायला मिळण्याची ती एकमेव जागा.

पायरी ६ : जंपिंगमध्ये घोड्याआधी माणसं चालताना पाहा

जंपिंगचे नियम पटकन कळतात, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. खरी मजा फेरी सुरू होण्याआधी आहे. स्वार बूट घालून पायी मैदानात उतरतात आणि एका अडथळ्यापासून दुसऱ्यापर्यंत मोठी पावलं टाकत, ओठांत पुटपुटत जातात. ते पावलं मोजतायत.

हिशेब असा. माणसाचं मोठं पाऊल साधारण ०.९ मीटर, आणि घोड्याची कँटरची ढांग साधारण ३.६ मीटर. म्हणजे चार पावलं बरोबर एक ढांग. त्यातून उडीनंतर जमिनीवर टेकायला दोन पावलं आणि पुढच्या उडीसाठी उठायला दोन वजा करायची. दोन अडथळ्यांत २४ पावलं भरली तर २४ वजा ४ म्हणजे २०, भागिले ४, म्हणजे पाच ढांगा. सोपं. पण मार्ग आखणारा माणूस मुद्दाम २५ किंवा २६ पावलं ठेवतो. मग प्रश्न पडतो : पाच लांब ढांगा टाकू की सहा आखूड? लांब टाकल्या तर घोडा चपटा होऊन पुढची काठी पाडणार. आखूड टाकायच्या तर आधी त्याला आवरावं लागणार, आणि वेळ जाणार.

घोड्याने हा मार्ग पाहिलेलाच नसतो. घंटा झाली की ४५ सेकंदांत सुरुवात करायची, आणि त्याच्यासाठी प्रत्येक अडथळा पहिल्यांदाच समोर येतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये एका अडथळ्याशेजारी पाठमोऱ्या सुमो पहिलवानाचा माणसाएवढा पुतळा उभा केला होता. काही स्वारांनी तक्रार केली की वळणावरून येताच घोड्याला एकदम तो भलामोठा उघडा माणूस दिसतो आणि तो बिचकतो. आता तुम्हीच सांगा, घोड्याचं काय चुकलं?

म्हणून घरी बसून तुम्हीही मोजा. अडथळा ओलांडून घोडा टेकला की "एक, दोन, तीन". एका स्वाराच्या सहा ढांगा आणि दुसऱ्याच्या पाच, हे दिसायला लागलं की तुम्ही नवखे राहिला नाहीत.

पायरी ७ : अडथळे आणि दंडगुण

लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे, त्यांच्यामधून उडी. सरळ उभ्या रचनेला व्हर्टिकल म्हणतात. दोन काठ्या पुढेमागे ठेवून रुंदी दिली की ऑक्सर. त्याशिवाय भिंत आणि पाणी. दोन-तीन अडथळे एक-दोन ढांगांच्या अंतराने जोडून ठेवले की कॉम्बिनेशन. त्यातल्या मधल्यावर घोडा अडला तर सगळं पहिल्यापासून.

काठी पडली : ४ दंडगुण. नुसती लागली, डुगडुगली, पण राहिली तर शून्य. पाण्याच्या पलीकडच्या पट्टीवर पाय पडला : ४. घोडा अडला : ४, आणि दुसऱ्यांदा अडला की बाहेर. स्वार पडला : बाहेर. वेळ ओलांडली की उशिराच्या हिशेबाने आणखी दंड. वेळ कुठून येते? मार्गाची लांबी आणि ठरवलेली गती. ५०० मीटर आणि मिनिटाला ४०० मीटर, म्हणजे ७५ सेकंद. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो वर. दंड शून्य म्हणजे 'क्लीअर'.

ऑलिम्पिकच्या काठ्या १.६० मीटरच्या घरात असतात. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून बघा. मी केली आहे, आमच्या आजीच्या डोक्याच्या वर येते.

काठी पडली की मागे जाऊन बघा, रिप्ले असला तर उत्तमच. बहुतेकदा गुन्हा आधीच्या वळणावर घडलेला असतो. वळण रुंद गेलं, घोडा अडथळ्याच्या फार जवळ पोचला, पुढचे पाय गुडघ्यात मुडपायला जागाच उरली नाही.

पायरी ८ : जंप-ऑफच्या वेळी फोन खाली ठेवा

पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली की छोटा मार्ग आणि घड्याळ. चाळीस सेकंदांत सगळं संपतं. इथे पाहायचं ते वळण : स्वार कुंडीच्या आतून कापतो की बाहेरून वळसा घेतो.

टोकियोला ब्रिटनचा बेन माहर आणि त्याचा घोडा एक्स्प्लोजन डब्ल्यू यांनी ३७.८५ सेकंदांत सुवर्ण घेतलं. स्वीडनचा पेडर फ्रेड्रिक्सन आणि ऑल इन ३८.०२ वर दुसरे, तेही एकही काठी न पाडता. फरक ०.१७ सेकंद. ऑल इन नाल न ठोकता, अनवाणी धावत होता, हे मला फार आवडलं होतं.

पॅरिसला मात्र उलटं झालं. व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत, अंतिम फेरीच्या ३० स्वारांतून तिघेच क्लीअर राहिले. जर्मनीचा क्रिस्तियान कुकुक चेकर ४७ या घोड्यावर ३८.३४ सेकंदांत निर्दोष आला. स्वित्झर्लंडच्या स्टीव्ह गेर्दाने ३८.३८ घेतले, म्हणजे जवळजवळ तेवढेच, पण एक काठी गेली. व्हिडिओ सापडला तर आधी आवाज बंद करून एकदा बघा, फक्त ढांगा मोजत. मग आवाज लावून पुन्हा. काठी पडण्याआधीच्या कुठल्या ढांगेला तुम्हाला वाटलं की आता गेलं, ते लिहून ठेवा. मामांनी लिहिलं होतं : दोन आधी.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मुंबईत महालक्ष्मीच्या अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबच्या स्पर्धांच्या तारखांवर लक्ष ठेवा. सकाळी लवकर जा आणि सरावाच्या रिंगणाच्या कडेला उभे राहा. स्टँडमधून टापा ऐकू येत नाहीत. टोपी आणि पाण्याची बाटली न्या. छत्री नेऊ नका, आणि नेलीच तर घोडा जवळून जात असताना फटकन उघडू नका.